💀 आली की आधी बघा: मेलं कोण?

चॅटमध्ये 💀 दिसली की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाकायची: इथे मेलं कोण? पाठवणारा स्वतःच 'मेला' असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. तो हसून मेलेला असतो, लाजेनं मेलेला असतो, नाहीतर सबमिशनच्या ओझ्याखाली मेलेला असतो. मेलेला दुसराच कुणी असेल तर मात्र मेसेज पुन्हा वाचावा. तिथे कुणाची तरी टर उडवली जात असेल, दमदाटी असेल, किंवा खरंच कुणीतरी गेल्याची बातमी असेल.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कवटी म्हटलं की विजेच्या डीपीवरचा धोक्याचा फलक आणि कीटकनाशकाची बाटली आठवते. विशीतल्या मुलांना तीच कवटी 😂 च्या जागी लागते. दोघांचंही बरोबर आहे, आणि दोघं एकाच फॅमिली ग्रुपवर आहेत. त्यामुळे कवटी पाठवणाऱ्यानं आणि वाचणाऱ्यानं, दोघांनीही थोडं जपून असावं.

हसण्याची कवटी आली कुठून

अमेरिकेत, विशेषतः तिथल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत, अनावर हसू आलं की 'आय ॲम डेड' म्हणायची पद्धत आहे. सोशल मीडियावर ती सगळ्यांच्या तोंडी गेली आणि त्या बोलण्याचं चित्र म्हणून 💀 वापरात आली. २०१५ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीजनं 😂 ला 'वर्षाचा शब्द' ठरवलं होतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत तरुणांना तोच इमोजी आईबाबांचा वाटायला लागला आणि २०२०-२१ च्या सुमारास 💀 आणि 😭 या दोघांनी त्याची जागा घेतली. आपल्याकडे हा वापर रील्स, मीम्स आणि गेमिंगच्या ग्रुपांमधून आला. मराठीत तो रुळायला वेळ लागला नाही, कारण 'हसून हसून मेलो', 'लाजेनं मेले', 'आता मेलो!' हे आपण आधीपासून बोलतोच. फक्त बोलताना आवाज असतो आणि चेहरा असतो. चॅटमध्ये दोन्ही नसतात.

वाचायची कशी

एकट्या कवटीचा अर्थ लावत बसू नका. तिच्या आधीचा मेसेज वाचा, मग कवटीबरोबरचे शब्द, मग पाठवणारा कोण ते. याच क्रमानं. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: आधी कवटी दिसते, मग दचकणं, मग फोन. समजा एका दिवसात तुम्हाला हे पाच मेसेज आले:

'उद्याचा पेपर आजच आहे असं आत्ता कळलं 💀'

'सरांचा माईक चालूच राहिला आणि आख्ख्या वर्गानं भाजीवरून झालेलं भांडण ऐकलं 💀💀💀'

'मी ज्यांना "काका, जरा सरका" म्हणाले ते आमचे नवे मॅनेजर निघाले 💀'

'हा शर्ट घालून लग्नाला आलास? 💀'

'माझं नाव सांगितलंस तर बघ 💀'

पहिल्यात पाठवणारा संकटात सापडलाय, म्हणजे 'आता मेलो'. दुसऱ्यात तो हसून मेलाय. तिसऱ्यात तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालंय. या तिन्हींत मेलेली व्यक्ती बोलणारीच आहे. चौथ्या मेसेजला कर्ता बदलला: कवटी आता समोरच्याच्या कपड्यांवर ठेवली आहे. हा टोमणा आहे. जिवलग मित्रांत तो चालून जातो, ग्रुपवर सगळ्यांसमोर बोचतो. पाचव्यात कवटी तुमच्याकडे बोट दाखवते आहे. तिला विनोद समजून सोडायची की नाही हे पाठवणाऱ्याशी तुमचे संबंध कसे आहेत यावर ठरेल. अनोळखी नंबर असेल तर सोडू नका.

चौथ्या प्रकाराबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण मुलांच्या ग्रुपांमध्ये सगळ्यात जास्त मनं त्यानंच दुखावतात. कुणीतरी आपला नाचाचा व्हिडिओ टाकतो, आणि खाली फक्त 'भाई 💀' किंवा 'ब्रो 💀' एवढंच येतं. शब्द काहीच वाईट नाही. पण त्याचा अर्थ 'हे काय करून बसलास' असा आहे, आणि एकानं टाकला की मागोमाग दहा जण तोच टाकतात. ज्याचा व्हिडिओ आहे त्याला कुणाकडे तक्रारही करता येत नाही, कारण दाखवायला शिवी नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी हे रूप ओळखून ठेवावं. एकाच मुलाच्या प्रत्येक फोटोखाली कवट्यांची रांग लागत असेल तर ती थट्टा राहिलेली नाही, छळ आहे. त्या वेळी 'कवटी म्हणजे तर हसणं' हा खुलासा मान्य करू नये. हसणं कुणावर आहे, हे विचारावं.

किती कवट्या आहेत त्यावरही सूर बदलतो. वाक्याच्या शेवटी एक आली तर ती सूर सांगते: हे गंभीरपणे घेऊ नका. तीन-चार एकापुढे एक आल्या की तो मोठ्यानं हसण्याचा आवाज. नुसती एक, शब्दांशिवाय, एखाद्या अडचणीच्या मेसेजला उत्तर म्हणून आली, तर बहुतेक वेळा 'यावर काय बोलू' असा अर्थ असतो. तिथे हसू असतंच असं नाही.

सोबतचे इमोजीही बघावेत. 💀😭 ही जोडी जवळपास नेहमी हसण्याचीच, त्यातल्या रडक्या चेहऱ्याला फसू नका. ⚰️ जोडली तर तेच वाढवून सांगितलं आहे. 💀🙏 मध्ये मात्र घोळ होतो. तरुणांच्या वापरात ते 'देवा, वाचव रे यातून' अशा हसऱ्या हताशेचं चिन्ह आहे, पण आपल्या घरच्या ग्रुपांवर 🙏 नमस्काराला आणि श्रद्धांजलीला वापरतात. आजीच्या मैत्रिणीला ही जोडी दिसली तर ती आधी 'कोण गेलं?' असंच विचारणार. आणि 🔪, 🔫, 💣 यांच्या शेजारी कवटी आली की अर्थ पूर्ण बदलतो.

गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर कवटी कोरडी नोंद असते: अमुक फेरीत अमुक खेळाडू बाद. मेटल संगीताचे चाहते, ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन, १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत पूर्वजांच्या आठवणीत साजरा होणारा मृतांचा दिवस, इथेही ती सजावट म्हणून येते. परदेशी सहकाऱ्यानं ऑक्टोबरच्या शेवटी कवट्या पाठवल्या तर कॅलेंडर बघा, एवढं पुरे.

कवटीमागे खरंच दुःख असेल तर

हा भाग घाईत वाचू नये. 'मेलो', 'मरतेय' हे शब्द कवटीसकट इतके सर्रास येतात की खऱ्या मदतीची हाकही त्यांत मिसळून जाते. काही जण मुद्दाम कवटी जोडतात, म्हणजे समोरच्यानं गंभीरपणे घेतलंच तर 'अरे, गंमत केली' म्हणता यावं.

फरक असा ओळखावा. गमतीच्या मेसेजला कारण असतं आणि ते छोटं असतं: पेपर, ट्रॅफिक, बॉस, आईची हाक. 'एवढी असाइनमेंट बघून जीव दिला 💀' यात असाइनमेंट दिसते आहे. 'कशातच अर्थ नाही राहिला 💀', 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रासच आहे 💀', 'उद्यापासून मी नसेन, चिल 💀' यांत छोटं कारण कुठेच नाही. आहे ते स्वतःबद्दल आणि कायमचं. असे मेसेज रात्री उशिरा येऊ लागले, पुन्हापुन्हा आले, किंवा त्याबरोबर वस्तू देऊन टाकणं, निरोपाची भाषा, ग्रुप सोडणं दिसलं, तर त्या माणसाशी लगेच बोला.

उत्तरात कवटी किंवा हसरा इमोजी टाकू नका. ग्रुपवर विचारू नका. फोन करा, आणि स्पष्ट विचारा: 'खरंच मरायचे विचार येतात का?' असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. जीव तात्काळ धोक्यात आहे असं वाटलं तर ११२.

धमकी असेल तर

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात २०१५ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीवर शाळेला धमकी दिल्याचा गुन्हा दाखल झाला होता. तिच्या पोस्टमध्ये थोडेच शब्द होते, बाकी बंदूक, चाकू आणि बॉम्ब ही चित्रं. आपल्याकडे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑफिसच्या ग्रुपवर 😂 टाकणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करताना इमोजी ही भावना व्यक्त करण्याची पद्धत आहे असं मानलं. म्हणजे चित्र आहे म्हणून सुटका नाही, आणि चित्र आहे म्हणून शिक्षाही नाही. शब्द, संबंध आणि परिस्थिती सगळं बघितलं जातं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ हे गुन्हेगारी धाकदपटशाचं आहे. धमकी चॅटमधून दिली म्हणून ती धमकी राहत नाही असं नाही.

अशी कवटी आली तर उत्तर न देता आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि आधीचे दोन-चार मेसेज दिसले पाहिजेत. नुसत्या कवटीचा कापलेला फोटो काहीच सिद्ध करत नाही. मूळ चॅट डिलीट करू नका. ब्लॉक करायचं असेल तर हे सगळं झाल्यावर. मग जवळच्या पोलीस ठाण्यात.

पाठवायची कधी, आणि कुणाला

सोपी कसोटी: समोरच्यानं तुम्हाला आधी कधी हसण्यासाठी 💀 पाठवली आहे का? पाठवली असेल तर बिनधास्त. नसेल तर पहिल्या काही वेळा सोबत एक शब्द लिहा. 'मेले 💀', 'हसून वाट लागली 💀'. त्या एका शब्दानं नव्वद टक्के गैरसमज टळतात, असं म्हटलं तरी चालेल. मग हळूहळू शब्द गळला तरी अर्थ पोचतो.

कवटी प्रसंगावर ठेवा किंवा स्वतःवर. समोरच्याचं शरीर, रंग, इंग्रजी, गाव, जात, पैसा, आवाज यांवर कधीच नको. 'माझं इंग्रजी ऐकून क्लायंट गप्प झाला 💀' हे ठीक. 'तुझं इंग्रजी 💀' हे नाही. वाक्याचा कर्ता तपासायला एक सेकंद लागतो.

घरच्या ग्रुपवर आणखी एक पथ्य आहे, आणि मुलांनी ते खरंच पाळावं. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, डोहाळजेवण, वाढदिवस या फोटोंखाली कवटी टाकू नये. बाळाचा तोंड वाकडं केलेला फोटो कितीही मजेदार असला तरी. मोठ्यांच्या मनात शुभकार्याच्या जागी कवटी म्हणजे अभद्र, आणि ती भावना समजावून घालवण्यासारखी नाही. तिथे 😂 किंवा 😄 टाका. हसू पोचतं आणि कुणाचं मन मोडत नाही.

आजारपण, अपघात, नापास झाल्याची बातमी, नोकरी गेल्याचा मेसेज, उसने पैसे मागणारा मेसेज: इथे कवटी अजिबात नको, सहानुभूतीच्या अर्थानंही नको. 'नोकरी गेली' याखालची 💀 तुमच्या मनात 'अरेरे, काय हे' अशी असेल, पण वाचणाऱ्याला हसल्यासारखी दिसते. दोन शब्द लिहा. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा पालक ग्रुप, डॉक्टरांशी चॅट, सरकारी कामाची विचारपूस यांतही नको.

ऑफिसात नियम माणसागणिक बदलतो. टीमच्या आपसातल्या चॅनलवर 'सर्व्हर पुन्हा पडला 💀' सगळ्यांना कळतं. पण तोच चॅनल क्लायंटही वाचत असेल तर त्याला तुम्ही त्याच्या नुकसानीवर हसताय असं वाटेल. वरिष्ठांनी कामाची यादी टाकली आणि तुम्ही खाली कवटी टाकलीत, तर ते 'काम बघूनच मेलो' असं वाचलं जाणार. तसं म्हणायचं नसेल तर 👍 पुरे.

श्रद्धांजलीच्या मेसेजखाली चुकून कवटी

ही चूक नेमकी कशी होते ते समजून घेतलं तर टाळता येते. कीबोर्डवर 'नुकतेच वापरलेले' इमोजी सगळ्यात पुढे येतात. दिवसभर मित्रांना 💀 पाठवल्यावर संध्याकाळी ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी येते, तुम्ही 🙏 शोधता, आणि ते बरोबर कवटीच्या शेजारी असतं. अंगठा घसरतो. काही कीबोर्ड इंग्रजी 'डेड' टाइप केलं की स्वतःहून 💀 सुचवतात, तिथेही सावध.

उपाय: अशा बातमीखाली इमोजीचं पान उघडूच नका. 'भावपूर्ण श्रद्धांजली' अक्षरांत लिहा. किंवा व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरा आणि सुरुवातीला दिसणाऱ्या सहांपैकी 🙏 निवडा. 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏 या मूळ ओळीत कवटी नसते. मात्र तिथे 😂 आणि 😢 जवळजवळ आहेत, तेव्हा तिथेही नजर ठेवून दाबा.

चूक झालीच तर घाबरून पुढे चार मेसेज लिहू नका. प्रतिक्रिया म्हणून कवटी गेली असेल तर मेसेजखालच्या त्या छोट्या कवटीवर टॅप करा, उघडलेल्या यादीत स्वतःच्या नावावर टॅप करा, ती निघते. किंवा मेसेज पुन्हा दाबून धरून 🙏 निवडा. एका मेसेजवर एका माणसाची एकच प्रतिक्रिया राहते, त्यामुळे कवटीची जागा 🙏 घेतो. वेगळा मेसेज म्हणून गेली असेल तर तो दाबून धरा, डिलीट, मग 'सर्वांसाठी हटवा'. यासाठी व्हॉट्सॲप सुमारे अडीच दिवस देतं. मेसेजमध्ये शब्दही असतील तर पाठवल्यापासून १५ मिनिटांत एडिट करून नुसती कवटी काढता येते. पण ज्याच्या मेसेजवर प्रतिक्रिया दिली त्याच्या फोनवर सूचना गेलेली असू शकते, आणि ग्रुपवर कुणी कोणती प्रतिक्रिया दिली हे सगळ्यांना दिसतं. म्हणून त्या घरच्या माणसाला खासगीत एक ओळ लिहा: 'चुकून दुसरं चिन्ह गेलं होतं, माफ करा.' ग्रुपवर खुलासा केला की ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही बघतात.

☠️ वेगळी आहे, तिला खऱ्या धोक्यासाठी ठेवा

💀 ही नुसती कवटी. ☠️ मध्ये कवटीसोबत एकमेकांवर फुलीसारखी ठेवलेली दोन हाडं असतात. तरुणांच्या गमतीत पहिलीच जास्त चालते. दुसरी विषाची आणि विजेची खूण आहे, आणि ती तशीच राहावी असं आमचं ठाम मत आहे. विजेच्या मोठ्या दाबाच्या ठिकाणी लावायच्या धोक्याच्या फलकावर कवटी-हाडांची आकृती आणि स्थानिक भाषेतली सूचना असणं नियमानं बंधनकारक आहे. रसायनांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही तीव्र विषारी पदार्थांना हीच खूण असते.

शेतीच्या ग्रुपवर ती वापरताना एक गोष्ट पक्की माहीत हवी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे बाटलीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावरच्या अर्ध्या भागात कवटी-हाडं आणि 'पॉयझन' हा शब्द, दोन्ही असतात. पिवळा म्हणजे जास्त विषारी. तिथे 'पॉयझन' असतं पण कवटी नसते. निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. म्हणजे कवटी नाही म्हणून पिवळी बाटली निर्धोक समजणं ही जिवावर बेतणारी चूक आहे. आणि म्हणूनच ग्रुपवर नुसती ☠️ टाकून सावध करू नये. शब्द आधी, चिन्ह नंतर: 'आज सकाळी कापसावर फवारणी झाली आहे. जनावरं सोडू नका, बांधावरचं गवत कापू नका ☠️'. नुसतं चिन्ह आलं तर मुलगा ते विनोद समजेल आणि वडील अपशकुन. सूचना म्हणून कुणीच घेणार नाही.

टाइप कशी करायची

फोनवर कीबोर्डवरची हसरी कळ दाबा आणि इमोजीच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'स्कल' लिहा. दोन्ही कवट्या समोर येतात. मराठी कीबोर्डवर 'कवटी' लिहूनही बघा. विंडोजवर विंडोज कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबा, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस. स्लॅक आणि डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर दोन कोलनांच्या (:) मध्ये इंग्रजी 'स्कल' लिहिलं की 💀 उमटते. व्हॉट्सॲपवर प्रतिक्रिया म्हणून द्यायची तर मेसेज दाबून धरून अधिकच्या खुणेवर जा. मे २०२२ मध्ये प्रतिक्रिया आल्या तेव्हा सहाच होत्या, जुलैपासून कुठलाही इमोजी चालतो.

बिघडतं कुठे

कवटीऐवजी रिकामा चौकोन दिसला तर ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तो दिसतोय त्याच्याकडे त्या चिन्हाचं चित्र नाही. 💀 युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांसाठी ठरलेल्या अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागतिक यादीत, २०१० साली आली, त्यामुळे आजच्या फोनवर हे सहसा होत नाही. ☠ तर १९९३ पासून आहे, पण ती मुळात मजकुरातलं काळंपांढरं चिन्ह आहे. रंगीत दिसण्यासाठी तिच्यामागे एक अदृश्य खूण जोडलेली असते. कॉपी-पेस्टमध्ये ती खूण गळली की कवटी बारीक, काळी आणि अक्षरासारखी दिसते. इमोजीच्या यादीतून पुन्हा निवडली की ठीक होते. समुद्री चाच्यांचा झेंडा 🏴‍☠️ हा २०१८ चा, आणि तो काळा झेंडा व ☠️ यांना अदृश्य जोडणीनं एकत्र करून बनतो. जुन्या फोनवर काळा झेंडा आणि कवटी सुट्या दिसतात.

वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कवटी लिहिली आणि सेव्ह केल्यावर प्रश्नचिन्हं उमटली किंवा मजकूर तिथेच तुटला, तर दोष डेटाबेसचा असतो. 💀 साठवायला चार बाइट (साठवणुकीची छोटी एककं) लागतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ-८' (utf8) प्रकारात एका अक्षराला तीनच मिळतात. डेटाबेसमधला तक्ता 'यूटीएफ-८ एमबी-४' (utf8mb4) या प्रकारावर न्यावा लागतो. गंमत म्हणजे मराठी अक्षर आणि ☠ दोन्ही तीन बाइटांत बसतात, म्हणून साइटवर मराठी नीट दिसतं आणि फक्त 💀 फुटते. चाचणी करताना म्हणून नेहमी 💀 वापरून बघावी.

एसएमएसमध्ये कवटी खिशाला लागते. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात. त्यात एकही इमोजी आला की आख्ख्या मेसेजची मर्यादा ७० वर येते, आणि 💀 स्वतः दोन जागा खाते. मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७ जागा उरतात. म्हणजे १५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज एका एसएमएसमध्ये जातो, पण शेवटी एक कवटी जोडली की १५२ जागा होतात आणि तीन एसएमएसचे पैसे पडतात. दुकानदार किंवा क्लासवाले एकगठ्ठा मेसेज पाठवतात तेव्हा हे ध्यानात ठेवावं. मराठी मेसेजची मर्यादा मुळातच ७० असल्यानं तिथे कवटीमुळे फक्त दोन जागा कमी होतात.

ग्रुपवर कुणी दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असेल तर अनेक वेळा प्रत्येक इमोजीचं नाव वेगळं उच्चारलं जातं. सात कवट्यांची रांग म्हणजे ओळीनं सात वेळा 'कवटी', आणि ती वाक्याच्या मध्ये असेल तर पुढचं वाक्य हरवतं. एकच टाका, आणि वाक्य पूर्ण झाल्यावर टाका.